विमानातून पडलेला पाहुणा

मुलांनो,

परवा फोनवर तुम्ही मला एका सिनेमाबद्दल विचारलंत. वाळवंट, उंट, बेदुईन लोकांची वस्ती, दुसरं महायुद्ध आणि एका जखमी वैमानिकाला वाट दाखवणारा बारा-तेरा वर्षांचा मुलगा. "आजी, तू पाहिलायस का?" मी म्हटलं, पाहिलाय, लग्नाचा आहे. त्यावर तुम्ही दोघं इतके हसलात की पलीकडून तुमच्या आईने काय झालं म्हणून डोकावून पाहिलं. "आजी, त्यात लग्न नाहीये. त्यात एक बाईसुद्धा धड दिसत नाही!"

बरोबर आहे. तरी माझ्या आठवणीत तो लग्नाचाच सिनेमा आहे, आणि तो तसा का झाला हे लिहून ठेवायची वेळ आता आली आहे. कारण तुमचे बाबा ही हकीकत पाहुण्यांपुढे सांगतात तेव्हा तीत मी फार हुशार असते. मी मुद्दाम चुकीचं भाषांतर केलं आणि एका मुलीचं शिक्षण वाचवलं, असं ते सांगतात. मी दोन-तीनदा सुधारणा केली. ती माझी नम्रता समजली गेली. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आहे. आपलं चुकलेलं भाषांतर आपल्या नावावर पुण्य म्हणून जमा व्हावं, हे मला बरं वाटत नाही.

तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, हे मला ठाऊक आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर पाच मिनिटांत वाचून झालं असतं. पण या हकीकतीतला मुख्य शब्द इंग्रजीत नेला की हकीकतच उरत नाही. तेव्हा सावकाश वाचा.

घाटंजीपासून चार किलोमीटरवर एक तांडा आहे. तिथली माणसं बंजारा. त्यांचे खापरपणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरत. आता ही माणसं कापूस आणि तूर पेरतात आणि फिरायचं म्हटलं तर बाजारापर्यंत जातात. त्या तांड्यातली एक मुलगी माझ्याकडे आठवड्यातून तीन दिवस इंग्रजी शिकायला यायची. बारावी झालेली, अक्षर मोत्यासारखं, बोलणं अगदी मोजकं. तिला यवतमाळला नर्सिंगला जागा मिळाली होती. सोमवारी स्वतः हजर राहून प्रवेश घ्यायचा होता, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाणार होती. आणि आदल्या दिवशी, रविवारी, दिग्रसकडचे पाहुणे तिला पाहायला येणार होते. पाहायला म्हणजे नुसतं नावाला. मुलाची आणि तिची घरं एकमेकांना माहीत होती, पसंती जवळजवळ झालेली होती, रविवारी सुपारी फुटायची बाकी होती.

मुलगा वाईट नव्हता, हेही लिहिते. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता आणि दारू पीत नव्हता. त्याच्या घरच्यांनी "लग्नानंतर शिकवू" असंही म्हटलं होतं. लग्नानंतर शिकवू म्हणणारी घरं मी नोकरीत पुष्कळ पाहिली. त्यांतल्या किती सुना पुढे माझ्या वर्गात येऊन बसल्या ते विचारू नका.

तीज नुकतीच होऊन गेली होती. बंजारा मुली या सणात टोपल्यांत गहू पेरतात, नऊ दिवस पाणी घालतात, नाचतात, मग रोपं बोळवतात. हे फक्त बिनलग्नाच्या मुलींचं. बोळवणीच्या दिवशी आई तिला म्हणाली होती, "पुढच्या साली तुही टोपली नाही बरं." हे तिने मला क्रियापदाच्या काळांची वही पुढे सरकवताना सांगितलं, जणू वहीतलंच एखादं वाक्य.

"घरी बोललीस का?" मी विचारलं.

"बोलली न मॅडम. बा म्हणते, पाहुण्याले शब्द देल्ला."

"मग पुन्हा बोल. शांतपणे बोल."

हा माझा सल्ला. मी स्वतः जाऊन तिच्या वडिलांशी बोलू शकले असते. तांड्यात मला मान होता. पण दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये, असं माझं शिस्तीचं मत होतं, आणि ते मत त्या वेळी मला फारच सोयीचं पडलं.

त्याच आठवड्यात, शनिवारी, यवतमाळची दोन तरुण मंडळी पडदा आणि प्रोजेक्टर घेऊन तांड्यात आली. एक मुलगा, एक मुलगी. जगभरचे चांगले सिनेमे खेड्यात दाखवायचे, असा त्यांचा उपक्रम. पाऊस आदल्या रात्री पडून गेला होता आणि शेतात वाफसा नव्हता, पाय टाकला की घोट्यापर्यंत रुतत होता, त्यामुळे निंदण बंद आणि अख्खा तांडा दुपारी मोकळा. मीही पाहायला गेले होते. समाजमंदिराच्या खिडक्यांवर ताडपत्र्या बांधल्या. पडदा लागला. आणि मग कळलं, की सिनेमातली माणसं अरबी बोलतात आणि खालची मराठी अक्षरं उमटतच नाहीत. इंग्रजी तेवढी उमटत होती. त्या दोघांनी संगणकाशी अर्धा तास झटापट केली. शेवटी माझी विद्यार्थिनी उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आमच्या मॅडम वाचून दाखवतीन. त्याहिले सगळं येते."

सगळं येतं, या वाक्याला नाही म्हणणं मला आयुष्यात कधी जमलं नाही. भजनाचा माईक आला. पडद्याशेजारी प्लास्टिकची खुर्ची आली. मी चष्मा पुसला आणि घसा साफ केला.

सुरुवातीला विमान कोसळतं, हे तुम्ही पाहिलंच आहे. वस्तीतली माणसं धावतात, वैमानिकाला उचलून तंबूत आणतात. वस्तीचा प्रमुख, म्हणजे त्या मुलाचा बाप, जमलेल्यांना सांगतो की हा माणूस आता आपल्या छायेत आला, हा आपला पाहुणा. इंग्रजीत अगदी सोपा शब्द होता. मी तितक्याच सोप्या मराठीत वाचलं, "हा आता आपल्या घरचा पाहुणा आहे."

समाजमंदिरात बायकांच्या बाजूला कुजबुज झाली. मला वाटलं, गोष्ट पकडली.

पकडली होती खरी. पण आपल्याकडे लग्नाच्या मुलीच्या घरी येतो तो पाहुणा. लग्न झाल्यावर जावई होतो तोही पाहुणाच. त्या आठवड्यात तर तांड्यात तो शब्द दुसऱ्या कुठल्याच अर्थाने वापरात नव्हता. इंग्रजीचा अर्थ मी बरोबर लावला होता. मराठीचा लावायला विसरले.

"इमानानं आला म्हंजे मोठ्या घरचा दिसते," कुणीतरी म्हणालं.

"एकटाच काहून आला पण? संगं कोणीच नाही?"

"पायाले लागलं हाये वं. लंगडा तं नाही न?"

मी गंभीरपणे पुढे वाचत राहिले. बाप म्हणतो, मी शब्द दिला आहे. मी वाचलं, "मी शब्द दिला आहे." पुरुषांनी माना डोलावल्या. प्रमुख म्हणतो, आपल्या रिवाजाप्रमाणे तीन दिवस पाहुण्याला काही विचारायचं नाही, तो कोण, कशाला आला, काही नाही; आधी खाऊ-पिऊ घालायचं. हेही वाचलं.

"तीन दिवस?" पहिल्या रांगेत माझ्या विद्यार्थिनीची आजी बसली होती. हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, म्हणजे बलोयं, अंगावर आरशांची काचोळी, तांड्यात असा जुना वेश घालणाऱ्या दोनच म्हाताऱ्या उरल्या होत्या, त्यांतली ती एक. तिने मोठ्याने विचारलं, "मंग पोरगी कवा दाखवतेत?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मी माईकवर खुलासा केला. "हे पाहुणे म्हणजे तसे पाहुणे नव्हेत. हे स्थळ नाही. तो सैनिक आहे. त्याचं विमान पडलं, म्हणून आला."

"पडला असंल न बाई," म्हातारी समजुतीने म्हणाली. "पण आता घरात आला न? जेवला न?"

मी पुढच्या वाक्यापासून 'अतिथी' म्हणू लागले. मागून तांड्याचे प्रमुख, म्हणजे नाईक, म्हणाले, "अतिथी म्हंजे पाहुणाच न, मॅडम?" शब्दकोशही हेच सांगतो. मग मी 'मेहमान' करून पाहिलं. "तेच ते," नाईक म्हणाले, आणि मला धीर दिल्यासारखं, "तुम्ही पाहुणाच म्हना. आमाले समजून राह्यलं."

त्यांना फारच समजत होतं. दुसऱ्या बाजूचे शिपाई जीपगाडीतून येऊन "तुमच्याकडे कोण आलंय?" असं दरडावू लागले, तेव्हा सभागृहात एकच उत्साह पसरला. दुसरी पार्टी आली! दोन-दोन स्थळं, म्हणजे पोरगी चांगलीच असणार. बापाने त्यांना हाकलून लावलं, तेव्हा बापाचं कौतुक झालं, शब्दाचा पक्का निघाला. बापाने वैमानिकासाठी उंट काढला.

"आंदणात उंट देऊन राह्यले."

"लगन तं होऊ द्या, आंदन आधीच कायले?"

एका शेतकऱ्याने विचारलं, "मॅडम, यातले आपले कोणते?"

मी सांगितलं की वैमानिक इंग्रजांच्या बाजूचा.

"इंग्रज म्हंजे आपल्या इरोधातले?"

"नाही, त्या लढाईत आपली माणसं त्यांच्याच बाजूने लढत होती."

"काहून?"

तीस वर्षं मी इंग्रजांची भाषा शिकवली होती. मी पुढचं वाक्य वाचलं. नाईकांनी मात्र त्या शेतकऱ्याला परस्पर सांगून टाकलं, "लढाई कोणाची का असंना. दाना वाहून नेनारे आपलेच लोक." उंटांवरचा माल पाहून ते बराच वेळ अस्वस्थ होते. "एका अंगाले झुकला हाये. दोन कोसात पडन तो." आणि खरोखरच पुढच्या दृश्यात वाळूच्या वादळात तो माल पडला. तेवढ्यापुरता तरी सिनेमा त्यांच्या भाषेत होता.

मग वाळवंट सुरू झालं. मुलगा आणि वैमानिक, दोन उंट, वर विमानं घिरट्या घालतात, विहीर कोरडी निघते, एक उंट मरतो. वैमानिक तापाने बडबडतो. पोरगं त्याला शिव्या देत ओढत नेतं. एका रात्री दोघं खडकाच्या आडोशाला बसलेले असताना वैमानिक त्याला म्हणतो, तू शूर आहेस, माझ्यासाठी आलास. मुलगा बराच वेळ वाळू चिवडतो आणि म्हणतो... ते मी वाचलं तसंच सांगते: "मला यायचं होतं की नाही, हे मला कुणी विचारलंच नाही."

भाषांतर बरोबर होतं. आजही मी त्यात एक अक्षर बदलणार नाही.

मी वाचता वाचता सहज बाजूला पाहिलं. माझी विद्यार्थिनी भिंतीला टेकून उभी होती आणि पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती. तिला इंग्रजी येत होतं. ती खालची अक्षरं स्वतः वाचू शकत होती.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. वैमानिक त्याच्या छावणीपर्यंत पोचतो, मुलाला एक घड्याळ देऊ करतो, मुलगा ते घेत नाही. एकटा परत येतो. आई तंबूच्या दारात पाण्याचं भांडं घेऊन उभी, तीही पाठमोरी. संपला. त्या यवतमाळच्या मुलाने ताडपत्री वर केली, ऊन आत आलं आणि माणसं डोळे चोळत उठू लागली.

म्हातारी उठली नाही.

"बाई, अन् पोरगी?"

"कोणती पोरगी?"

"ज्या पोरीसाठी पाहुणा आलता ते."

"आजी, यात मुलगी नाही. मी मघाच सांगितलं."

"नाही कशी?" ती खरोखर चिडली. "इमान पडलं, उंट मेला, पोरगं उपाशी मरता मरता वाचलं, बापानं शब्द देल्ला, समद्या दुनियेत लढाई झाली अन् पोरगी येक डाव बी दाखवली नाही? पोरगं तरी म्हने मले कोनी इचारलं नाही. पोरीले इचारलं काय कोनी?"

मी माईक खाली घेतला. म्हणण्यासारखं खूप होतं: ही युद्धकथा आहे, हा त्या मुलाच्या मोठं होण्याचा प्रवास आहे वगैरे. यवतमाळच्या मुलीने चर्चेसाठी नेमके हेच मुद्दे एका कागदावर लिहून आणले होते. तो कागद तिने हळूच घडी करून ठेवला.

कारण आता बायका पडद्याकडे बघत नव्हत्या. एकेक करून सगळ्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या मुलीकडे वळल्या होत्या.

तिचे वडील पुरुषांच्या बाजूला उभे होते. "माय, पिच्चर होता तो," ते म्हणाले. "चाल घरी."

"पिच्चर हाये हे मले समजते. मी येडी नोहो." मग तिने नातीला त्यांच्या बोलीत हाक मारली, "छोरी, अत आ," इकडे ये. मुलगी आली. "तुले इचारलं काय?"

या ठिकाणी तुमच्या बाबांच्या हकीकतीत मुलगी एक छोटंसं भाषण करते. प्रत्यक्षात ती पायाच्या अंगठ्याने फरशी घासत होती आणि तिचा आवाज पहिल्या रांगेच्या पलीकडे गेला नसेल.

"नाही," ती म्हणाली. "सोमवारी मले यवतमाळले जायचं हाये. अॅडमिशनची शेवटची तारीख हाये."

"उद्या पाहुणे येऊन राह्यले," वडील म्हणाले. "मी शब्द देल्ला हाये. आता काय तोंड दाखवू त्याहिले?"

ते ओरडले नाहीत. मला ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. चारचौघांत शब्द दिलेला माणूस चारचौघांतच अडकला होता, आणि त्याला अडकवणाऱ्यांत माझाही हात होता; पण माझ्या हातात अजून बंद न केलेला माईक होता आणि मी गप्प होते.

नाईक विचार करत होते. मग त्यांनी मलाच विचारलं, "मॅडम, ते तीन दिवसाचं काय होतं?"

"पाहुणा आला की तीन दिवस त्याला काही विचारायचं नाही. नुसतं खाऊ-पिऊ घालायचं."

"मंग जमलं न," नाईक म्हणाले. "येऊ द्या उद्या. जेऊ घाला. शब्द मोडला असं कोनी म्हननार नाही. बोलनं काही करू नका. पोरगी सोमवारी जाऊन येईन. बोलाचं ते मंगळवारी."

"हे कोन्या गावची रीत?" वडिलांनी विचारलं.

"उंटवाल्याहिची," म्हातारी म्हणाली. "ते बी फिरस्तेच. आपल्याच जातीतले असतीन."

कुणी हसलं. मग बरेच जण हसले, वडील सोडून. माझ्याकडे वळून ते म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही मुद्दाम केलं."

मी नाही म्हटलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही. ही दंतकथा सुरू झाली ती तिथून, तुमच्या बाबांपासून नव्हे. त्यांनी फक्त ती सुधारून घेतली.

रविवारी पाहुणे आले. मी तिथे नव्हते. मुलीने नंतर सांगितलं. पुरणपोळी झाली, मटण वेगळं झालं, आणि मुलाचा काका विषय काढायला लागला की म्हातारी आणखी एक पोळी वाढायची. चार पोळ्यांनंतर काकांना विषयच सुचेना. संध्याकाळी ते जरा गोंधळून, पण भरल्या पोटी परत गेले. घरात इतका मान मिळाला आणि काहीच ठरलं नाही, असा अनुभव त्यांना बहुधा पहिलाच.

सोमवारी सकाळी वडिलांनी मोटरसायकल काढली. यवतमाळपर्यंत ते मुलीशी एक शब्द बोलले नाहीत. तिथे कागदावर पालकाची सही हवी होती. त्यांनी ती केली, बाहेर जाऊन झाडाखाली थांबले, आणि येताना तिला बाभूळगावच्या एका ओळखीच्या माणसाकडे कुठलंसं बियाणं घ्यायचं आहे म्हणून उगाच लांबून फिरवून आणलं. त्या रस्त्यावरही बोलले नाहीत. पण तिला चहा पाजला.

मंगळवारी त्यांनी दिग्रसला फोन करून सांगितलं, की मुलीला तीन वर्षं शिकायचं आहे, थांबता येत असेल तर थांबा. त्यांना थांबता येत नव्हतं. त्या मुलाचं दिवाळीनंतर दुसरीकडे लग्न झालं आणि ते बरंच चाललं आहे असं ऐकते. वडील माझ्याशी वर्षभर फटकून वागले. मी बाजारात समोर आले तर ते भाजीचं दुकान बदलत. त्यांचा राग रास्त होता, फक्त कारण चुकीचं होतं. मी केलं म्हणून त्यांनी रागवायला नको होतं. मी काहीच केलं नाही, म्हणून रागवायला हवं होतं. एवढ्या मानाने, एवढ्या इंग्रजीने मी त्यांच्या ओसरीवर एकदा जाऊन बसले असते, तर विमान पाडायची गरजच पडली नसती.

मुलगी परिचारिका झाली. गेल्या हिवाळ्यात मला न्यूमोनियाची लस तिनेच टोचली. "मॅडम, दुखनार नाही," ती म्हणाली. दुखलं. मी तिला सांगितलं, की हे भाषांतर चुकलं. ती हसली नाही, तिने दंडावर कापूस दाबून धरला आणि पुढच्या बाईला हाक मारली. रांग मोठी होती.

तिचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं. मुलगा तिने पाहिला होता.

म्हातारी त्याआधीच वारली. नाईक आता थकले आहेत. यवतमाळची ती दोघं त्यानंतर पुन्हा आली नाहीत. त्यांना कदाचित आमचा प्रेक्षक झेपला नसावा. तो सिनेमा तांड्यात कुणाला नावाने आठवत नाही. पण तिथल्या तीन घरांत पाहुणे मुलगी पाहायला येणार असले की निरोप पाठवायच्या आधी कुणीतरी मोठ्या माणसाने "पोरीले इचारलं काय?" असं विचारायचं असतं. बाकीच्या घरांत विचारत नाहीत. या तीन घरांत अजून विचारतात.